आधीच पाडलेली भोकं

कागद चादरीच्या घडीत होता,
रेशन कार्डासारखा लॅमिनेट केलेला.
नोटरीचा शिक्का. साक्षीदार दोन:
विडी कारखान्यातला मुकादम, शेजारचा टेलर.
मल्लय्या चिलवेरी, वय एकोणऐंशी, दत्त नगर, सोलापूर.
मला नळी घालू नका. मशीनवर ठेवू नका.
आणि अगदी खाली, टाइप केलेल्या ओळींनंतर, पेनानं वाढवलेलं:
पाणी तेवढं विचारत जा.

रात्रीचे पावणेतीन. मे महिना.
बाहेर भिंती अजून तापलेल्या,
आत एसीनं माझे गुडघे ठणकत होते.
पद्मावतीनं, त्यांच्या लेकीनं, कागद माझ्या हातात दिला,
डॉक्टरांच्या नाही.
बोटं तंबाखूनं पिवळी.
सिस्टर, तुम्हीच द्या, म्हणाली,
मी दिला तर मीच मारलं असं होईल.

डॉक्टर शिफा बागवान वाचताना ओठ हलवते.
बरं झालं, म्हणाली, कुणीतरी सांगून तरी ठेवलं.
हत्तुरे सरांना फोन लावला.
आवाज झोपेतला, तरी सावध:
मूळ प्रत आहे का? मुलगा कुठाय?
भिवंडीहून निघालाय, सर.
मग तो येईपर्यंत सगळं करा.
कोर्टात कागद उभा राहत नाही, शिफा, आपण राहतो.
आधी तिघांचं बोर्ड, मग दुसऱ्या तिघांचं,
रविवारच्या रात्री सहा डॉक्टर आणू कुठून?

सरांना मी भित्रे म्हणणार नाही.
त्यांच्या केबिनची काच एकदा फुटलीये.
तुकडे मी वेचलेत.

मला कुणी विचारलं नाही.
सही डॉक्टरची, हात माझे:
नळी जाताना डोकं मी धरते,
नंतर मनगटं कॉटच्या दांडीला मी बांधते,
सैल, पण सुटणार नाहीत इतकी.
विचारलं असतं तरी काय सांगणार होते?
जुळे सोलापूरच्या एक शिक्षिका होत्या,
असाच कागद, अक्षर मोत्यासारखं,
आणि शेवटच्या पहाटे माझा हात सोडेनात:
अजून एक इंजेक्शन बघा की.
कागद लिहिताना त्यांना धाप लागलेली नव्हती.
आणि माझे वडील. कागद नव्हता.
एकोणीस दिवस मशीनवर,
कारण आम्हा चौघा भावंडांत
'पुरे' म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही.

मल्लय्या जेकार्डची कार्डं पंच करायचे.
मोर कुठं वळणार, काठ कुठं संपणार,
सगळं आधी भोकांत.
मागावर मग कुणीही बसो,
भोक असेल तिथंच सुई जाते.
आणि धागा तुटला तर? मी विचारलं.
माग थांबवायचा, पद्मावती म्हणाली.
ओढून विणलेलं दिसतं, असं नायना म्हणायचे.

ऑक्सिजन चौऱ्याऐंशी.
मी कानाशी वाकले.
तेलुगू मला रात्रपाळीपुरतं येतं:
नीळ्ळु, नोप्पी, वद्दु.
पाणी, दुखणं, नको.
काका, नीळ्ळु?
पापण्या हलल्या. वद्दु, म्हणाले.
किंवा मला तसं ऐकू आलं.

पाणी नको, का नळी नको? शिफानं विचारलं.
मला काय माहीत, पोरी.
तिनं केसपेपरवर लिहिलं:
तीन वीस, रुग्ण म्हणाले, वद्दु.
देवनागरीत लिहिलं. एरवी सगळं इंग्रजीत असतं.

नळीचा ट्रे मी उघडून ठेवला होता.
झाकला नाही. पुढंही केला नाही.
शिफा त्याच्याकडं बघत होती आणि बघत नव्हती.
तेवढ्यात मुलाचा फोन, टेंभुर्णी सोडली म्हणून.
नायनांचा श्वास चालू आहे ना?
पद्मावतीनं माझ्याकडं पाहिलं.
चालू आहे, म्हणाले,
आणि कापूस भिजवून
परत विचारलं:
नीळ्ळु?